मान वर करा, बोलू नका!

वसईतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. फाइली कपाटात मावतात, किस्से मात्र मावत नाहीत! त्यातही थायरॉइड कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या पेशंट्सचे. मानेत पुन्हा काही उगवलंय का, ते बघायला ही मंडळी दर काही महिन्यांनी येतात. येऊन येऊन घरचीच होतात.

*

आमच्या डॉक्टर मॅडम काम करताना एकदम गप्प. एकदा टेबलावर झोपलेल्या शिंदेकाकू रडायलाच लागल्या. "तुम्ही गप्प झालात की वाटतं, सापडलं काहीतरी!"

तेव्हापासून मॅडम मुद्दाम बोलतात. पुढच्या खेपेला विचारलं, "काकू, आज डब्याला काय?"

काकूंनी भरली वांगी सुरू केली.

"बोलू नका, मान हलते!"

"विचारायचं तुम्हीच, गप्प करायचं तुम्हीच! माझ्या सासूबाई बऱ्या होत्या!"

*

जूचंद्रचे एक काका स्क्रीनवरून नजर हलवत नाहीत. "डॉक्टरीनबाई, ती काळी गोल, गाठच हाय ना? उडतेय बगा!"

"काका, ती मेंदूला रक्त नेणारी नस. ती उडतेय म्हणून तर तुम्ही मला विचारताय!"

काकांनी हात जोडले. मॅडमना नाही, स्क्रीनला!

*

एका पेशंटची मुलगी फोनवर रडत होती. "आईच्या रिपोर्टमध्ये गाठी लिहिल्यात!"

मॅडमनी फोन घेतला. "अगं, साध्या आहेत. तशा गाठी सगळ्यांच्याच मानेत असतात. तुझ्याही आहेत."

पलीकडचं रडणं थांबलं. मग, "मॅडम, मला अपॉइंटमेंट कधीची मिळेल?"

*

सगळंच हसण्यावारी जात नाही. विरारच्या देसाईबाई गणित शिकवायच्या. त्यांच्या मानेतली एक गोल गाठ मॅडमना खटकली. बाई म्हणाल्या, "वाटाण्याएवढीसुद्धा नाही हो ती!" सुई घालून तपासणी झाली, शंका खरी ठरली, दुसरं ऑपरेशन झालं.

दोन महिन्यांनी बाई पेढे घेऊन हजर. मॅडम ओशाळल्या. "अहो, वाईट बातमी दिली मी तुम्हाला."

"वेळेवर दिलीत!" बाई म्हणाल्या आणि पेढा मॅडमच्या तोंडात कोंबला.

*

आणि पापडीच्या फिलोमिनामावशी. चर्चच्या क्वायरमध्ये गायच्या. ऑपरेशननंतर आवाज गेला. आठ महिने नुसतं कुजबुजणं. जोर लावायची भीतीच बसली होती. त्यांचे यजमान अंतोनकाकाच सगळ्यांशी त्यांच्या वतीने बोलायचे.

परवा काका दरवाजाबाहेर बसले होते, आत मावशींची मान तपासून झाली. सगळं स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, "मावशी, आवाजाचे पडदे हलतात का, तेही बघू. जरा 'ई' म्हणा."

मावशींनी हातानेच नको म्हटलं.

"जमेल तेवढंच."

आधी नुसती हवा आली. मग खरखर. आणि मग सूर लागला. "ईऽऽऽ!" मॅडमनी मानेवरचा प्रोब उचलला, तरी मावशी थांबेनात. डोळे मिटलेले, जेली कानापर्यंत ओघळलेली, आणि सूर वर वर चढतोय. माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

दार धाडकन उघडलं. अंतोनकाका उंबऱ्यातच थबकले.

"थांबवू नका हां तिला," ते कुजबुजले.