त्यांनी खुर्चीत बसावे म्हणून

रविवार, १ डिसेंबर २०२४, सायंकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. एका हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी चालू होती, आणि भरलेल्या प्रेक्षागृहासमोर माझ्या सहकलाकाराने माझा सहा मिनिटांचा सलग संवाद गिळून टाकला. प्रेक्षकांना त्याचा पत्ताही लागला नाही. जे वाक्य बोललेच गेले नाही त्याचा पुरावा कुठून मिळणार?

नाटकात पात्रे दोनच होती. निवृत्त शिक्षक असलेले वडील आणि कायमचे घर सोडून जाण्यापूर्वी त्यांना भेटायला आलेली मुलगी. वडिलांचे काम करणारे गृहस्थ पन्नाशीचे, बँकेत अधिकारी, आणि हौशी रंगभूमीवरचे मातब्बर. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. कंपनीच्या बसने परतायचे आणि थेट गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या सभागृहात तालमीला जायचे, असा माझा दोन महिने क्रम होता.

दोनपात्री नाटकाचे मला आकर्षण होते ते त्याच्या काटेकोरपणामुळे. तिथे चहा घेऊन येणारा नोकर नसतो, दार वाजवणारा शेजारी नसतो, प्रसंग ढेपाळला तर आत येऊन तो सावरणारे तिसरे कुणीच नसते. एक बोलत असताना दुसरा खरोखर ऐकतो आहे की आपल्या पाळीची वाट पाहतो आहे, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसते. प्रयोगशाळेतही मला अशीच मांडणी आवडते. घटक मोजके असावेत, म्हणजे परिणाम कशाचा हे नि:संदिग्धपणे सांगता येते. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. जिथे दोनच माणसे असतात, तिथे एकाने दुसऱ्याला पुसून टाकायचे ठरवले तर हरकत घ्यायलाही कुणी उरत नाही.

त्या संध्याकाळी नेमके घडले ते असे. संहितेनुसार वडील मुलीच्या लहानपणीच्या आजारपणाची आठवण सांगतात, थकून खुर्चीत बसतात, आणि ते बसले की माझा संवाद सुरू होतो. त्यांचे बसणे हाच माझा संकेत. दादा बसलेच नाहीत. उभे राहूनच ते थेट आपल्या अखेरच्या भाषणावर गेले. मी तोंड उघडले असते तर नाटक मोडले असते, म्हणून मी गप्प राहिले. अभिनयाचे पारितोषिक त्यांना मिळाले. मला काहीच मिळाले नाही.

नंतर चहाच्या टपरीवर चारचौघांत ते म्हणाले, "विसरलो गं बाळा. वय झालं आता." आणि इतरांकडे वळून, हसत, "दोघांच्या नाटकात एकाने गाडी ओढायची असते, दुसऱ्याने नीट बसायचं असतं." सगळे हसले. मीही हसले, कारण चेहऱ्यावर ताबा ठेवण्याचा सराव मला होता.

घरी येऊन मी माझी वही उघडली. जे नोंदले नाही ते घडलेच नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम मी तालमींनाही लावला होता. बावीस तालमी झाल्या होत्या. त्यांत दादा खुर्चीत बसायला एकदाही विसरले नव्हते. ते अडखळत ते दुसऱ्याच जागी, आजारपणाच्या आठवणीच्या मध्यावर. बावीसपैकी सतरा वेळा ते तिथेच थांबले होते आणि सतराही वेळा मी हळूच "आणि मग डॉक्टर आले" असे म्हणून त्यांना पुढे नेले होते. हे वाक्य संहितेत कुठेही नाही. ते मी त्यांच्यासाठी केलेली कुबडी होती. पण त्यांना त्याची इतकी सवय झाली होती की ते माझेच वाक्य आहे असे ते मानू लागले होते. तिथे पोहोचले की निश्चिंतपणे माझ्याकडे मान वळवत.

म्हणजे विसरण्याची जागा एक आणि संवाद गाळण्याची जागा दुसरी. निष्कर्ष उघड होता. त्या रागाने मला झोप लागली नाही असे मी म्हणणार नाही. उलट, पुढे काय करायचे ते ठरल्यामुळे मी शांत झोपले.

तीन आठवड्यांनी अंतिम फेरी होती. मधल्या प्रत्येक तालमीत मी ते वाक्य न चुकता दिले, पूर्वीपेक्षाही तत्परतेने. तिसऱ्या घंटेपूर्वी रिवाजाप्रमाणे मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवून "यशस्वी हो" असा आशीर्वाद दिला. तो मी मनापासून घेतला.

आठवणीच्या मध्यावर ते थांबले आणि माझ्याकडे वळले. मी त्यांच्याकडे पाहिले. एखादी मुलगी वडिलांकडे पाहील तसेच, स्थिर, उत्सुक. बोलले मात्र नाही. त्यांच्या भुवया किंचित उंचावल्या. मग ओठ हलले. गळ्याशी घाम उतरताना मला दिसला. प्रेक्षागृहात खोकलाही नव्हता. हे मौन लिहिलेलेच आहे असे सर्वांना वाटत होते. मला त्यांची दया आली का? क्षणभर आली. त्याबरोबर टपरीवरचे हसूही आठवले, आणि दया ओसरली. मी मनात सेकंद मोजत राहिले. त्यांनी आधारासाठी मागे हात नेला, हाताला खुर्ची लागली, आणि ते तिच्यात बसले.

संकेत मिळाला होता. मी बोलू लागले. इतक्या जवळून, इतक्या पूर्णपणे माझे बोलणे त्यांनी कधी ऐकले नव्हते. पर्यायच नव्हता.

रंगपटात रंग पुसताना त्यांनी आरशातूनच विचारले, "वाक्य का दिलं नाहीस?"

"कुठलं वाक्य, दादा?"

"डॉक्टर आले, ते."

"ते संहितेत नाही. बघा ना."

त्यांनी खरोखरच संहिता ओढून ते पान काढले. बोट ओळींवरून खाली गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली. बाहेरून कुणीतरी आत येऊन त्यांच्या त्या मौनाचे तोंडभरून कौतुक केले, तेव्हा त्यांनी हात जोडले. पान मात्र मिटले नाही. मी दागिने उतरवून निघाले.

प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मैत्रिणीने प्रयोग मोबाइलवर चित्रित केला होता. दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या बसमध्ये मी तो कानाला लावून ऐकला, घड्याळ लावले, आणि वहीत दोन नोंदी केल्या. त्यांचे मौन: तेवीस सेकंद. माझा संवाद, एकही शब्द न गाळता: सहा मिनिटे चौदा सेकंद.