मुंगी सांगंल ते दुकान

पेडगावात कुणालाबी इचारा, नुसत्या वासावर ज्वारीचं रान ओळखणारी बाई कोण, तर झुंबरबाईचंच नाव घेतील. आन् का घेऊ नये? ते आमच्या घराण्याचं नाक हाय. बापाला मातीच्या वासावरनं हिरीचं पाणी कळायचं. थोरल्या भावाला बैलाच्या श्वासावरनं त्याचं दुखणं कळतंय, जनावरांचा डॉक्टर यायच्या आधी. झुंबर सगळ्यात धाकली, तिला तर सगळंच कळायचं. चौथीच्या पुढं ह्या घरात कुणी गेलं न्हाई, पण चार गावची शिकलेली माणसं ह्याच घराच्या ओट्यावर येऊन सल्ला घेत व्हती.

असं नाक, आन् एका वर्षी तेच तिच्या मागं लागलं.

तिचा लेक वैजीनाथ परभणीला एका आडत्याच्या गोदामावर हमाल व्हता. सून दैवशाला, मायबापाविना वाढलेली, म्हणून तिची बाळंतपणं सासरीच व्हायची. पहिलं लेकरू बारशाच्या आधी गेलं. दुसरंबी तसंच. दोन्ही येळेला रीत एकच. आधी लेकरू थान सोडायचं, मग मुठी आवळायचं, डोळे आढ्याला लागायचे आन् अंग लाकडावानी ताठ व्हायचं. दवाखान्यातले म्हणले, आकडी. गावातले म्हणले, सटवाई पाचवीला येऊन कपाळावर लिहिती, तिनंच असं लिहिलं.

झुंबरबाईला दोन्ही पटलं न्हाई. रानात समदा कापूस, घरात ज्वारी इकतची. आन् दुकानातल्या ज्वारीला किडा लागू नये म्हणून पावडर मारतेत हे तिनं ऐकलं व्हतं. ती पावडर भाकरीत, भाकरीतनं दुधात, दुधातनं लेकरात. दैवशालाला तिसऱ्यांदा दिवस गेले तवा तिनं ठरवलं, ह्या बारीनं सुनेच्या पोटात बिनऔषधाचाच दाणा जाईल. मग त्यासाठी परभणीतली सगळी दुकानं पालथी घालायची येळ आली तरी चालंल.

तिची पारख करायची रीत साधी व्हती. दुकानात मूठभर ज्वारी घ्यायची, हुंगायची, पदराला गाठ मारायची. घरी येऊन तुळशीच्या बुडाला मुंग्यांचं बीळ व्हतं, तिथं पानावर ठेवायची. मुंगीनं नेली तर चांगली, न्हाई नेली तर इख. आमच्या मायनं शिकवलेली रीत ही. माणूस लबाड बोलंल, मुंगी बोलायची न्हाई.

पहिलं दुकान माणिकरावाचं, मोंढ्यातलं. ट्यूबलाइट, पांढऱ्या गाद्या, ज्वारी मोत्यावानी. झुंबरबाईनं ओंजळ नाकाला लावली तसा माणिकराव गादीवरनंच म्हणला, "मावशी, ज्वारी खायाची असती, हुंगायची नसती."

"खाणाऱ्याला हुंगावं लागतंय, बाबा. इकणाऱ्याला कामून लागंल."

वास काहीच न्हवता. पण घरी येऊन गाठ सोडली आन् तिनं तोंड फिरवलं. कुजट, वल्या भिंतीला बुरशी धरावी तसा वास. मुंग्यांनी त्या दाण्याला तोंड लावलं न्हाई.

दुसरं दुकान गुजरीतलं, नर्मदाबाईचं. ही बाई गावरान मालाचीच. करडीचं घाण्याचं तेल, काळा गूळ, पोत्यात कडुलिंबाचा पाला. "माझ्या दुकानात पावडर सापडली तर मला ह्याच पोत्यात शिवा," म्हणाली. झुंबरबाईला बाई आवडली. पण घरी गाठ सोडली, तर तोच वास. पानावर ज्वारी तशीच पडून.

आठवडी बाजारातली बघितली, गाडीवानाकडची बघितली. हर बारी तेच. दुकानात चोख, घरी आली की नासकी. झुंबरबाईला वाटाय लागलं, सगळ्या दुकानदारांनी मिळून काहीतरी करणी केली. रस्त्यानं येताना वास तिच्या मागं मागं चालायचा. थांबली की थांबायचा.

आन् मुंग्या. आधी दाणा सोडून जायच्या, मग दिसंनाशा झाल्या. बिळाच्या तोंडाला माती तशीच भुसभुशीत, आत काही न्हाई. ती समजली, ह्या इखारी दाण्यानं मुंग्याबी गाव सोडून गेल्या.

कधीकधी भर दुपारी ती ओसरीवर बसली की तिला काहीतरी कमी वाटायचं. काय, ते सांगता यायचं न्हाई. मग एक दिवस ध्यानात आलं. आढ्यावर पाल चुकचुकत न्हवती. चिमणी दाराशी यायची, आत डोकवायची आन् भुर्रकन जायची. शेजारची मांजर उंबऱ्यावर पाय ठेवायची न्हाई. सगळं घर श्वास धरून बसल्यागत.

दैवशाला बाळंत झाली. मुलगी. गोरी, नाकेली, आमच्या घराण्याचं नाक. पाचवी जवळ आली, सटवाईपुढं मांडायला चोख दाणा पाहिजे. झुंबरबाई सकाळच्या गाडीनं परभणीला उतरली तर विद्यापीठाच्या नामांतरावरनं बंद. सगळी शटरं खाली, रस्त्यावर एक कुत्रं न्हाई, नुसता वाऱ्यानं कागद सरपटत जायलाय. तिच्या चपलांचा आवाज तिलाच मोठा वाटाय लागला. नानलपेठेच्या मागच्या बोळात एका दुकानाची एकच फळी उघडी दिसली. आत अंधारात एक म्हातारा बसलेला.

"या," तो म्हणला. "आज कोण येतंय म्हणून बघत व्हतो."

नाव सटवाजी. पाचवीच्या कामाला आलेल्या बाईला हे नाव ऐकून अंगावर काटाच आला. पण दाणा बघायचा व्हता. पोती जुनी, तोंडं उघडी, ज्वारी मळकट पिवळी. आन् तिच्यावर मुंग्या. एका पोत्यातनं निघून भिंतीवर चढलेली सरळ रांग, हर मुंगीच्या तोंडाला कणी.

झुंबरबाईचे डोळे भरले. "बाबा, किती दुकानं हिंडले. शेवटी तुमच्याकडं मुंगी दिसली."

"लोक मुंगी दिसली की माल परत करतेत. तुमी उलट्याच."

तिनं ओंजळ भरली, हुंगली. माती आन् उन्हाचा वास. पदर पसरला, दाणा टाकला आन् गाठ मारता मारता थांबली. वास आला. तोच.

"तुमच्यातबी हाय की हो," ती रडवेली झाली.

सटवाजीनं पोत्यातली मूठ तिच्या नाकापुढं धरली. "हितं हाय का?"

"न्हाई."

मग तिचाच पदर उचलून त्यानं हुंगला. "वास दाण्याला न्हाई, बाई. तुमच्या पदराला हाय."

ती मागं सरली. पोत्यावर हात टेकवून उभी राहिली. एक मुंगी कणी घेऊन तिच्या बोटापर्यंत आली. मिशा हलवल्या. बोटाला लावल्या. आन् कणी तितंच टाकून माघारी पळाली. तिच्या मागची दुसरी आली, तीबी फिरली. सगळी रांग तिच्या हाताला वळसा घालून जाय लागली.

झुंबरबाईनं हात काढला तो असा, जसा चुलीतनं काढावा.

गाडीत सगळ्या वाटंनं ती पदर नाकाला लावून बसली. दुकानं बदलली, पोती बदलली, माणसं बदलली. न बदललेलं एकच व्हतं. घर.

ती दारात पोचली तर सुईण सुलाबाई पायरीवर बसलेली. "आलीस? लेकरू सकाळधरनं थानाला लागंना गं."

झुंबरबाईनं पायातलं काढलं न्हाई, थेट बाळंतिणीच्या खोलीत गेली. झडपा लावलेल्या. बाजंखाली शेगडी, शेगडीवर ओव्याची धुरी. मुलीनं एक मूठ आवळलेली. झुंबरबाई गुडघ्यावर बसली आन् बाजंखाली वाकली. बाजंच्या चारी खुरांना, पाळण्याच्या पायांना, भिंतीच्या कडंनं, मळकट पांढरी रेघ. रांगोळीवानी घातलेली. शेगडीची धग त्या रेघेवर यायलीय. इतके दिवस ओव्याच्या वासाखाली झाकलेला वास तिच्या नाकात शिरला.

"हे काय गं?"

"मुंग्यांची पावडर," दैवशाला म्हणली. "गोदामातनं आणतेत ना ते. डिंकाच्या लाडवाला मुंग्या येतेत, लेकराला चावतील म्हणून. दर बाळंतपणाला, दोन-तीन म्हयने आधीपासनंच टाकतेत. अंगणातबी टाकलीय, तुळशीपाशी. तुमच्या पेटीतबी टाकली, लुगड्याला कसर लागू नये म्हणून. तुमाला ठाव न्हाई व्हय?"

झुंबरबाईनं शेगडी उचलून अंगणात भिरकावली. मुलीला पोटाशी धरलं. "ऊठ. चल."

सुलाबाई दारात आडवी झाली. "येडी झालीस का? पाचवीच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा न्हाई. सटवाई वाटंतच गाठंल."

"गाठू दे. वाटंत गाठली तर मी बोलीन तिच्याशी. हितं ही पावडर कुणालाच बोलू देत न्हाई."

"असं कुणी केलं न्हाई अजून गावात."

"म्हणून तर दोन गेली, सुलाबाई. सर."

असं बोलायला छाती लागती. आमच्याच घरची ती. निरोप गेला तसा थोरला भाऊ रानातलं काम टाकून गाडी जुंपून आला, एक शब्द इचारला न्हाई. माय-लेकीला त्यानं आपल्या रानातल्या आखाड्यावर नेलं. गवताचं छप्पर, चारी अंगानं वारा. दैवशालाला हिरीच्या पाण्यानं नखशिखांत न्हाऊ घातलं, थोरल्या भावजयीचं धुतलेलं लुगडं नेसवलं. झुंबरबाईनं आपलं लुगडं बांधावर टाकून दिलं. मुलगी रात्रभर कण्हत व्हती, थान घेत न्हवती.

दुसऱ्या दिवशी पाचवी. सुलाबाई बडबडत का व्हईना, पण आली. छपराच्या कोपऱ्यात पाटा-वरवंटा मांडला. झुंबरबाईनं भावाकरवी दुकानादुकानातनं नवी मूठ मूठ मागवली व्हती. ह्या येळेला कागदात, पदरात न्हाई. पाट्यापुढं तिनं ढीग घातले. माणिकरावाचा एक, नर्मदाबाईचा एक, बाजारातला एक, सटवाजीचा एक. आन् बसून राहिली.

ऊन कलताना पहिली मुंगी आली. पाट्याच्या कडंनं फिरली, माणिकरावाच्या ढिगावर चढली, कणी घेऊन गेली. मग रांग लागली. माणिकरावाची, नर्मदाबाईची, सटवाजीची, कुणाचंच सोडंनात. सुलाबाईनं केरसुणी उचलली. "अगं, देवीच्या दाण्याला मुंग्या लागल्या."

"लागू दे."

एक फाटा छपराला बांधलेल्या झोळीच्या पाळण्याकडं वळला. दोरीवरनं चढला. झुंबरबाईनं बघितलं, पण झटकला न्हाई. पाळण्यातनं रडं फुटलं, चांगलं खणखणीत, मुंगी चावल्यासारखं. दैवशालानं लेकराला उचलून छातीशी धरलं. रडं थांबलं. मग चुटुचुटु आवाज यायला लागला. 

अंधार पडायच्या आत वैजीनाथ बांधावरनं आला. घरात कुणी न्हाई बघून धावतच आलेला. आधी लेकीला बघितलं, मग ढिगांकडं.

"कुणाच्या दुकानाची चांगली निघाली, माय?"

झुंबरबाईनं मान वर केली न्हाई. "सगळ्यांचीच चांगली व्हती, बाळा."

त्यानं ढिगांकडं बघितलं. ढिगांवरनं पाळण्याकडं गेलेल्या रांगंकडं बघितलं. लेकीला घ्यायला हात पुढं केले, नखातली पांढरी पावडर दिसली आन् तसेच मागं घेतले. मग हिरीवर गेला. पाणी उपसल्याचा आवाज लय येळ येत व्हता. त्याला हाक मारायला कुणी गेलं न्हाई.

मुलीचं नाव मनकर्णा ठेवलं. नाव ठेवेपर्यंत राहिलेलं दैवशालाचं पहिलं लेकरू. आता परभणीत माणिकराव नवा माल आला की आधी झुंबरबाईपुढं मूठ धरतो, आन् तिनं हुंगून मान हलवली की गिऱ्हाईकाला सांगतो. ज्याच्या त्याच्या घरी हे नाक नसतंय.

पण ती कुणाच्या घरी गेली की आधी खाली बघती. जमिनीवर, भिंतीच्या कडंनं. मुंगी दिसली तरच बसती.

पावडरीचा डबा तिनं आखाड्याच्या बांधाला खोल पुरला. मनकर्णा आता तिथंच खेळती. मुंग्यांची रांग बांधावरनं सरळ येती, त्या जागंपाशी थांबती, वळसा घालती आन् पुढं जाती. जमिनीत तर काहीच दिसत न्हाई.