मोटरच्या खोलीची किल्ली

संत्र्याच्या अख्ख्या बागेचं पाणी मी एकदा हुकवलं, आणि वर काकींना घर कसं सांभाळावं ते शिकवून आले. सन ऐंशीनंतर दोन-चार वर्षं झाली असतील. मी पांढुर्ण्याच्या मास्तरांची बी.ए. झालेली मुलगी, लग्न होऊन सौंसरला आले त्याला महिनाच झालेला. अक्कल सगळी माहेराहून सोबत आणली आहे, असा माझा समज.

भांडण माझ्याच लग्नातलं. चुलतसासऱ्यांना, म्हणजे काकांना, पंगतीत उशिरा बसवलं म्हणून ते रुसले. बोरगावच्या बागेतली विहीर दोन्ही घरांची, मोटर एकच, आणि मोटरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. बहार यावा म्हणून आमच्या झाडांना ताण दिलेला, म्हणजे पाणी मुद्दाम तोडलेलं. आता आठवड्याभरात पाणी मिळालं नाही तर बहार गेला. सासरे मागायला जाईनात, काका आपणहून देईनात.

सासूबाई म्हणाल्या, “तू नवी आहेस, तुह्यावर कोणी राग नाही धरत. जाय, काय म्हणतात ते आयकून ये.”

गेले. सोबत वही नेली! काका खाटेवर बसून तासभर बोलले, मी शब्द न् शब्द उतरवला. वरण थंड होतं, पापड मिळाला नाही. पाण्याचं नावच नाही. मला काही कळेना.

निघताना काकी ओसरीपर्यंत आल्या. “येत्या मंगळवारी आम्ही दोघंही रामाकोन्याले जाऊन राहिलो. दिवसभर घरी कोणी नाही.” मग खुंटीकडे बघत म्हणाल्या, “मोटरच्या खोलीची किल्ली तर बाई इथंच टांगली राह्यते.”

वही मी केव्हाच मिटली होती. म्हटलं, “अहो काकी, किल्ली अशी बाहेर? कोणीही नेईल!” आणि ती काढून आतल्या कोनाड्यात ठेवून आले.

“बरं वं बाई,” एवढंच काकी बोलल्या. मला वाटलं, सल्ला पटला.

घरी वही वाचून दाखवली. पापडापाशी आले तसे सासरे उठून बाहेर निघून गेले.

बुधवारी भाकरी थापताना काकींच्या वेंधळेपणावर हसत मी किल्लीची गोष्ट सांगितली. सासूबाईंनी परात बाजूला सारली.

“कवा म्हटलं तिनं हे?”

“शनिवारी.”

“अन् तू किल्ली आत ठेवली?”

“हो ना!” अजूनही मला वाटत होतं, कौतुक होणार.

पिठाच्या हातानंच त्या काकांच्या घरी निघाल्या, मी मागे. काकांसमोरच त्यांनी सगळं सांगून टाकलं. काका हसले की खोकले, ते कळलं नाही. पण उठले, सायकल काढली आणि स्वतः बागेत जाऊन मोटर सुरू केली. कडेच्या दोन ओळींचा बहार मात्र त्या वर्षी गेलाच.

मी ओसरीत तशीच उभी. भांडण मिटलं का? मिटवलं कोणी? काकांना मंगळवारचं आधीच ठाऊक होतं का? कोणाला विचारायचीही सोय नव्हती. तेवढ्यात काकी जवळ आल्या, माझ्या गालाचं पीठ पदरानं पुसलं आणि म्हणाल्या,

“पोरी, तू गेल्यावर मी किल्ली पुन्हा बाहेर टांगली होती. अन् तुमच्या पाण्यापायी आम्ही दोघं दिवसभर रामाकोन्याले उगीच बसून होतो ना वं!”