उन्हं उतरल्यावरचे गोल

तीन सामन्यांत आमच्या हायस्कुलाने पाच गोल खाल्ले आणि पाचही उन्हं उतरल्यावर खाल्ले. मी पाण्याची घागर घेऊन मैदानाच्या कडेला बसायचे, म्हणून मला हे ठाऊक होतं. ड्रिल मास्तरांनाही ठाऊक होतं. पण ते त्याचं कारण पोरांच्या पायांत शोधत होते.

मी तेव्हा नंदुरबारला मुलांच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होते. लढाईचे दिवस होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. वय पंचवीस-सव्वीस, शिक्षण मराठी चौथी. बोर्डिंगात बावीस मुलं, सगळी आसपासच्या खेड्यांतली, शेतकऱ्यांची. त्यातली सात संघात होती. मी त्यांच्याहून फार मोठी नव्हते तरी ती मला मावशी म्हणायची. ड्रिल मास्तरच बोर्डिंगचं बघायचे. ते देशावरचे, त्यांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं. मला ते बाई म्हणत.

जिल्ह्यातल्या हायस्कुलांमध्ये ढालीसाठी फुटबॉलचे सामने असत. आमचे सहा ठरले होते, तीन झाले होते. एक जिंकलो, एक बरोबरीत सुटला, एक हरलो. चौथा हरलो असतो तर पुढच्या दोनांना काही अर्थ उरला नसता. तो धुळ्याच्या संघाशी होता आणि मधे आठ दिवस होते.

त्या रविवारी मास्तर ओसरीवर पाटी घेऊन बसले. पाटीवर अकरा टिंबं काढली होती. समोर कॅप्टन बसला होता, आणि मी आत दाराशी डाळ निवडत होते.

"पुढची जोडी चांगली आहे," मास्तर म्हणाले. "डावीकडचा सगळ्यांत वेगवान. पण तो बॉल सोडत नाही."

हे खरं होतं. जेवतानाही चटणीची वाटी त्याच्यापाशी गेली की पुढे सरकत नसे. मधल्याला दम नाही म्हणाले, तेही खरं होतं. तो सकाळी उपाशी पळायचा आणि मला खाल्लं म्हणून सांगायचा.

"गोलकीपर आपला खांब आहे. तो होता म्हणून पाचच झाले, नाहीतर दहा झाले असते. खोट बॅकमध्ये आहे. शेवटची पंधरा मिनिटं तो उभ्या उभ्या झोपतो."

बॅक म्हणजे कोरीट गावचा मुलगा. अंगाने भारी, चालायला संथ. पोरं त्याला हाल्या म्हणायची. हाल्या म्हणजे रेडा. हरलेल्या सामन्यानंतर पंगतीत त्याला जेवूही देत नव्हती.

"काय रे हाल्या, मैदानमा चारा गवसना का?"

"हाल्याले पाणीमा सोडा, तठे तो बरा पळस."

तो ऐकून घ्यायचा आणि भाकरी मोडायचा. गोलकीपर त्याच्या शेजारी बसायचा आणि काहीच बोलायचा नाही. गोलकीपरने तोंड उघडलं असतं तर पोरं गप्प झाली असती, कारण त्याला सगळे मानत. तो का बोलत नाही, हे मला खटकत होतं.

मास्तरांनी पाटीवरचं एक टिंब बोटाने पुसलं. "धुळ्याच्या सामन्यानंतर याला काढू," ते म्हणाले.

मी डाळ निवडायची थांबले. सामन्यात मी कडेला बसायचे ते बॅकच्या बाजूला. मी त्याला झोपलेला कधी पाहिला नव्हता. मी पाहिलं होतं ते वेगळं. शेवटच्या वेळी बॉल गोलकीपरच्या बाजूने सरळ गेला होता आणि त्याने बॉल जाळ्यात पडल्यावर उडी मारली होती.

त्या संध्याकाळी पंगतीत मी एक काम केलं. गोलकीपरची वरणाची वाटी रोज उजवीकडे असते, ती डावीकडे ठेवली. कंदील होता, बाकीच्यांना सगळं दिसत होतं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि उजवीकडे जमिनीवर टेकवला. मग हाताने चाचपलं. मग शेजाऱ्याचं लक्ष आहे का, हे मान न वळवता ऐकल्यासारखं केलं. मी वाटी उचलून त्याच्या हाताशी ठेवली.

पोरं उठल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तुले दिसस का नही?"

"दिसस ना. कंदील मंद शे."

"कंदील मीच पुसेल शे. बोट किती?" मी हात पुढे केला.

"तीन," तो म्हणाला. मी एकही बोट वर केलं नव्हतं, मूठ धरली होती.

मग त्याने सांगितलं. श्रावणात त्याला हिवताप आला होता, तो महिनाभर गेला नाही. त्यानंतर दिवस मावळला की डोळ्यांपुढे गोणपाट धरल्यासारखं व्हायचं. सकाळी पुन्हा लख्ख दिसायचं.

"मावशी, मास्तरले सांगजो नको. मास्तर बापले कागद लिखतीन आनि बाप माले घर लई जाई."

त्याचा बाप प्रकाशा गावचा. तापीच्या काठाला जमीन, घरात माणसं कमी. त्याने मुलाला शिकायला सोडलं होतं ते मनाविरुद्ध, आणि परत न्यायला त्याला निमित्तच हवं होतं. मॅट्रिकला तीन महिने राहिले होते. त्या घरातून मॅट्रिकपर्यंत कोणी आलं नव्हतं. एकदा घरी गेला असता तर तो औताला जुंपला गेला असता, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"आनि हाल्या? त्याले काढी टाकी ऱ्हायनात तुन्हामुये."

त्याने मान खाली घातली. "मी तापीमा उडी टाकसू," तो म्हणाला.

"तापीले आते गुडघाभर पाणी शे," मी म्हटलं. "डोकं फुटी, दुसरं काय?"

मी त्याला आठ दिवस दिले, तोवर मास्तरांना सांगणार नव्हते. सातपुड्यातून मोळ्या विकायला एक बाई येत असे. रात्री दिसत नसेल तर काय करावं, असं तिला विचारलं तर ती लगेच म्हणाली, बकऱ्याची कलेजी भाजून द्या, आमच्याकडे पोरांना तेच देतात. मी तिच्याकडूनच ती मागवली आणि मागच्या अंगणात वेगळ्या विस्तवावर भाजली. बोर्डिंगात मांस शिजत नसे, कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्याला बोलावलं. त्याने गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. बाप माळकरी, आजा माळकरी. मी म्हटलं, माळ काढून खा आणि पुन्हा घाल. त्याने तुकडा तोंडापर्यंत नेला, ओकारी आली आणि तो न्हाणीकडे पळाला. कलेजी मोळीवालीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

मग मी हिशेब केला तो असा. आधीचे सामने उशिरा सुरू झाले होते, हा चारला सुरू होणार. थंडीचे दिवस असले तरी सव्वापाचपर्यंत संपेल, तेवढा वेळ त्याला पुरेल. हा सामना जाऊ दे, मग बघू. ही माझी चूक होती, दुसऱ्या कोणाची नाही.

सामन्याच्या दिवशी धुळ्याची मोटार चारला आली नाही. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढावर पोरांना उतरून ढकलाव्या लागायच्या. साडेचार झाले. मी रस्त्याकडे बघत होते आणि गोलकीपर सूर्याकडे. मोटार पावणेपाचला आली. पाव्हण्या पोरांची तोंडं काळी झाली होती. त्यांनी तोंडं धुतली, पाणी प्याले, बूट घातले. शिट्टी झाली तेव्हा पाच वाजायला आले होते.

पहिल्या अर्ध्यात आमच्या डावीकडच्याने एक गोल केला. गोलकीपरने दोन बॉल असे अडवले की धुळ्याच्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. कोरीटचा बॅक घामाने निथळत होता. त्याच्या बाजूने एकही बॉल आत गेला नव्हता.

हाफटाइम झाला तेव्हा सूर्य कापसाच्या जिनाच्या धुराड्यामागे गेला होता. मी लिंबू-गुळाचं पाणी घेऊन गेले. मास्तर बॅकला बजावत होते, "शेवटची पंधरा मिनिटं. झोपलास तर आजच शेवटचा सामना."

"हाल्या, जागा ऱ्हाय रे बाबा," कोणीतरी म्हणालं आणि पोरं हसली.

बॅकचा चेहरा उतरला होता. पंगतीत कितीही ऐकून घेणारा तो पोरगा, त्याने पाणी न पिताच पेला परत ठेवला. गोलकीपर त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

मी म्हटलं, "मास्तर, गोलवर हाल्याले उभा करा. याले दिसत नही."

"बाई, तुम्ही पाणी द्या."

"दिवस बुडना का याले दिसत नही. दोन महिना व्हयनात."

"काहीतरीच बोलता. आत्ता दोन बॉल अडवले त्याने."

बोलत बसायला वेळ नव्हता. माझ्या ओच्यात एक अख्खं लिंबू उरलं होतं. मी ते पाच हातांवरून गोलकीपरकडे टाकलं. जोरात नाही, पोरीसोरी झेलतील असं. "झेल रे," असंही म्हटलं. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि लिंबू त्याच्या गळ्याखाली लागून पडलं. हात तसेच पुढे राहिले.

मास्तरांनी वाकून लिंबू उचललं.

पहिला बोलला तो कोरीटचा बॅक. "पाची गोल मन्हा नाववर लिखेल व्हतात, मास्तर," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

एकदा उतरलेला गडी बदलायची तेव्हा सोय नव्हती. मास्तरांनी दोघांच्या जागा बदलल्या. बॅकला गोलवर घातलं आणि गोलकीपरला डाव्या कोपऱ्यात नेऊन उभा केला. "शिट्टी होईपर्यंत इथून हलू नको," म्हणाले. म्हणजे आमचे दहाच खेळत होते.

त्या अर्ध्या तासात मी बसले नाही. धुळ्याच्या पोरांना आमचं काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण डावी बाजू मोकळी आहे हे लवकरच कळलं. ती तिथूनच यायला लागली. बॉल गोलकीपरच्या पायांजवळून जायचा आणि तो आवाजाकडे तोंड फिरवायचा. एक गोल झाला. बरोबरी झाली. आणखी एक झाला असता तर सगळं संपलं असतं. शेवटी शेवटी तर मलाही बॉल नीट दिसेना. बॅकला उड्या मारता येत नव्हत्या. तो बॉलवर नुसता अंग टाकायचा आणि उठायचाच नाही. तिघं त्याच्या अंगावर पडले तरी बॉल त्याच्या पोटाखाली. शिट्टी झाली तेव्हा एक-एक होते.

ढालीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. उरलेल्या दोनांपैकी एक जिंकलो, एक हरलो. ढाल दुसरीकडे गेली. दोन्ही सामन्यांत कोरीटचा मुलगाच गोलवर होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर गोलकीपरला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मलाही बरोबर नेलं. डॉक्टरांनी त्याचे डोळे बघितले आणि प्रश्न मला विचारले. दूध किती देता? दसऱ्यापासून बंद आहे. पालेभाजी? आठवड्यातून एकदा, महाग आहे. अंडी वगैरे? आमच्यात नाही. मी मान वर करून उत्तरं दिली, पण उत्तरं चांगली नव्हती. तापाने अंगातलं सत्त्व गेलं होतं आणि माझ्या ज्वारी-डाळीने ते भरून येत नव्हतं. कोरीटचा मुलगा दर शनिवारी चालत घरी जायचा आणि दुधाने पोट भरून यायचा. प्रकाशाचा मुलगा फक्त दिवाळीला जायचा.

डॉक्टरांनी पिवळ्या तेलाची एक बाटली दिली. माशाच्या कलेजीचं तेल आहे, असं कंपाउंडर मला हळूच म्हणाला. वासावरून ते कळतच होतं. बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी होती. माळकऱ्याच्या पोराला ती कशी पाजायची हे न कळल्याने मी ती तशीच ठेवून दिली.

मास्तरांनी बापाला कागद लिहिला. त्यांनी लिहायलाच हवा होता. बाप तिसऱ्याच दिवशी बैलगाडी घेऊन आला. पांढरा फेटा, गळ्यात माळ. ओसरीवर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पेटी आन," तो मुलाला म्हणाला.

मुलाने पेटी आणून ठेवली. मास्तर म्हणाले, "तीनच महिने राहिलेत. मुलगा पास होणार."

"तीन महिनामा आंधया व्हई गया तं? तुम्ही देशान का त्याले डोया?"

बाप उठला. मी बाटली घेऊन बाहेर आले.

"बाबा, दोष डोयाना नही शे, मन्हा चुल्हाना शे. हाई दवाई दहा दिन पिना तं दिसाले लागी. दूध बी सुरू करेल शे."

"कसानी शे?"

"दवाखानानी."

"ते माले समजनं. कसानी शे?"

"झाडपालानी," मी म्हटलं.

मुलाने माझ्या हातातून बाटली घेतली. तो मॅट्रिकचा, इंग्रजी वाचणारा. त्याने चिठ्ठी वाचली. ओठ हलताना मला दिसले. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता हा बोलणार. त्याने बाटली फिरवून चिठ्ठी तळहाताखाली घेतली. मास्तर रस्त्याकडे बघत होते.

बापाने हात पुढे केला. बाटली घेतली, बूच काढलं आणि नाकाशी धरलं. त्याचं शेत तापीच्या काठाला. तिथे भोई जाळी वाळत घालतात, मासे कापतात. तो वास त्याला जन्मापासून ठाऊक असणार. त्याने बाटली नाकापासून दूर केली नाही.

"वास वाईट शे," तो म्हणाला.

"दवाईना वास असाच ऱ्हास," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, मग बाटली मुलाच्या हातात दिली.

"नाक धरीसन पी," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गाडीकडे गेला.

मुलाने नाक धरलं आणि प्याला. पेटी मी आत नेली. जड होती.