नातीच्या हाताचं मुसकं

चार दिवस मलकापूरच्या दवाखान्यात काढल्यावर माझ्या पाच वर्षांच्या नातीचा ताप उतरला. पण गुडघ्याच्या हाडात पू झाला होता, म्हणून अजून दहा दिवस शिरेतून औषध द्यायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी न्या, रोज सकाळी आणा. पण हातातली सुई निघू देऊ नका. बाकी शिरा टोचून झाल्यात. निघाली तर भरती करून मानेतून नळी टाकावी लागेल."

मी म्हणालो, "बाई, माझ्या हातून आजवर वासरू सुटलं नाही. सुई काय सुटते."

घरी आलो तर पोरगी पट्टी दातानं उकलत होती. खाज सुटली होती.

"मोठी जबान देऊन आले," बायको म्हणाली. "आता बसा हात धरून."

मी तणतणत गोठ्यात गेलो. माती खाऊ नये म्हणून वासराच्या तोंडाला मुसकं बांधलं होतं. ते पाहिलं आणि डोकं चाललं. कोऱ्या सुती दोरीचं लहानसं मुसकं विणलं, उकळून वाळवलं आणि पट्टीवरून पोरीच्या हाताला चढवलं.

"आबा, मी वासरू झाली," म्हणून ती हंबरत, लंगडत घरभर फिरली. हंबरूनच भाकर मागितली. बायको हसून हसून चुलीपुढून उठेना.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईनं विचारलं, "आजोबा, हे काऊन बांधलं?"

"दात लावते म्हणून."

"मंग तोंडाले बांधाचं ना. हाताले कायले?"

सगळा दवाखाना हसला. मी चिडलो, पण येताना मोटरसायकलवर मलाही हसू आवरेना. डॉक्टरीणबाईंनी तेवढं सांगितलं, "राहू द्या, पण बोटं उघडी ठेवा. सूज आली तर दिसली पाहिजे." माझं विणकाम कोणी उसवायला लावलं नव्हतं आजवर. तरी उसवलं.

दहाव्या दिवशी औषध संपलं. सुई जिथल्या तिथं होती. ती डॉक्टरीणबाईंनीच काढली.

घरी येताच पोरगी गोठ्यात गेली. "आबा, त्याचंबी काढा. त्याचेबी दहा दिवस झाले."

काढलं. वासरानं आधी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा तोंडात धरला आणि दावं हिसकून अंगणात पळालं. त्याच्यामागे मी आणि माझ्यामागे पोरगी, दोन्ही पायांवर.

ओट्यावरून बायको म्हणाली, "सांगा आता डाक्टरीणले, वासरू सुटलं म्हणून."