पारुबाईचा पाय

आमचा तांडा डोंगरकड्याजवळ. इथं कुणाची नस चढली, कुणाची कंबर धरली, की गाठायचं पारुबाईचं दार. तेल कोमट करून ती अशी चोळायची की माणूस आधी बोंबलायचा आणि मग स्वतःच्या पायांनी घरी जायचा. एकदा जीपमधून उतरताना माझा घोटा मुरगळला. मी ओरडलो, तर म्हणते कशी, "चार बुकं शिकलेलं माणूस लईच नाजूक असतंय बाप्पा!" तिचा नवरा नेमसिंग पोट धरून हसला होता. चोळण्याबद्दल ती काही घेत नसे. तिच्यावर वेळ आली की आपण तिला चोळायचं, एवढीच आमच्यातली रीत.

तिलाच पोटाचा कॅन्सर निघाला. नांदेडला औषधं सुरू झाली आणि डावा पाय सुजून खांबासारखा झाला. डॉक्टर म्हणाले, या आजारात रक्त गोठतं, पायाच्या शिरेत गुठळी झालीय. रक्त पातळ करायची सुई दिली, तर पोटातून रक्त जायला लागलं. सुई बंद झाली. आता सोमवारी शिरेत जाळी बसवायची, म्हणजे गुठळी सुटली तरी छातीत जाणार नाही. तोवर घरी पडून राहायचं, पाय अजिबात चोळायचा नाही.

नेमसिंग बाजेपाशी पहाऱ्याला बसला, कारण बायका तेलाच्या वाट्या घेऊन येऊ लागल्या. शेजारची ओली बाळंतीण पूजा तर उंबऱ्यातच भांडली.

"काका, काहून अडवता? काकीनं माझे पाय चोळले न्हाईत का?"

"गुठळी छातीत गेली तर मरंल ती!"

बाजेवरून पारुबाई म्हणाली, "त्या डाक्तरानं कधी कुणाचा पाय हातात धरलाय का?"

सोमवारी नेमसिंग आणि मी जीप आणायला रस्त्यावर गेलो. परत आलो तर पूजा पाय चोळून राहिली होती आणि पारुबाई तिला सांगत होती, "वर, अजून वर. जोर लाव, एका लेकराची माय व्हय ना तू?"

नेमसिंगनं धावत जाऊन पूजाचे हात बाजूला केले. पारुबाई चालत जीपपाशी आली. "पाहा, कसा हलका झाला!"

वाटेत अर्धापूरच्या अलीकडे तिनं छाती धरली. श्वास घेता येईना. दवाखाना आलाच नाही.

माती देऊन आल्यावर बायका म्हणाल्या, "काकानं आधीच चोळू दिलं असतं तर काकी वाचली असती."

मी नेमसिंगला डॉक्टरांचं बोलणं पुन्हा समजावतो. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "न्हाई भाऊ. मीच आडवा बसलो."