सईचा उजवा डोळा

गेल्या वर्षी एका संकष्टीला, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या देवळात आरतीनंतर, आमच्या सहा वर्षांच्या सईच्या हातावर पडायचं तीर्थ जमिनीवर पडलं. तिने दोन्ही तळहात आरतीवर धरून डोळ्यांना लावले होते. डावा हात तसाच डोळ्यावर ठेवून उजवा तिने पुढे केला, पण गुरुजींच्या पळीपासून वीतभर बाजूला.

"लक्ष कुठे आहे तुझं?" गुरुजी म्हणाले. मीही तेच म्हणालो, जरा मोठ्याने.

मागे रांगेत एक वयस्कर बाई होत्या. त्या म्हणाल्या, "तिला रागावू नका. बेटा, तोच डावा हात पुन्हा डोळ्यावर ठेव. ही माझी बोटं किती?"

सईने मान पुढे काढली. मग म्हणाली, "मला सांगा ना, मी पाठ करते."

बाईंनी आम्हाला बाहेर ओट्यावर नेलं. नोकरीत असताना आपण डोळ्यांच्या डॉक्टर होतो, एवढंच त्यांनी सांगितलं.

"डॉक्टर सुई टोचतात?" सईने विचारलं.

"छे गं. आधी एक डोळा झाकतात आणि दुसऱ्याला विचारतात, तुला काय दिसतं? मग थेंब घालतात. जरा चुरचुरतं. बाहुली मोठी होते, दार उघडावं तशी, आणि डॉक्टर बॅटरी लावून आत बघतात. तुझा एक डोळा सगळं काम करतो, म्हणून दुसरा बसून राहिलाय. मग काय करायचं? कामसू डोळ्याला पट्टी लावून रोज थोडी सुट्टी द्यायची. दुसरा आपोआप शिकतो."

"गणपतीचे डोळे केवढे बारीक आहेत! त्याला तपासलं?"

"तो हात कुठे लावू देतो? मोदक दे म्हणतो आधी."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक निघाला. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ वापरातच नव्हती. लहान आहे तोवर सुधारेल, आणखी काही वर्षं गेली असती तर अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

निजामपुऱ्यातल्या तिच्या शाळेत त्याआधीच डोळे तपासले होते, आणि 'नजर उत्तम' असं आम्हाला कळवलं होतं. तपासणी अशी झाली होती: भिंतीवर एक तक्ता, समोर वर्गाची रांग, प्रत्येक मूल एकेक डोळा झाकून तीच अक्षरं मोठ्याने वाचणार. सईचा नंबर येईपर्यंत तिला तक्ता पाठ झाला होता. आमच्या घरी मुलं अथर्वशीर्ष असंच, ऐकून शिकतात. मी शाळेत जाऊन हे सांगितलं तेव्हा तिच्या वर्गाच्या बाई हसल्या, गुजरातीत म्हणाल्या, तुमची मुलगी हुशार, सगळं तोंडपाठ: "बहु हुशार छे तमारी दीकरी, बधुं मोढे!" मला हसू आलं नाही. उरलेल्या मुलांना पुन्हा तपासा, हे मी लेखी दिलं. उत्तर आलेलं नाही.

घरातही तेच. सुभानपुऱ्याच्या आत्याने लग्नाच्या मांडवात सईची पट्टी ओढून काढली. "मुलीची जात आहे, फोटोत काय दिसेल? एरंडेल लाव, बरं होतं." मी तिथेच सगळ्यांदेखत पट्टी पुन्हा लावली. आत्या अजून बोलत नाही. त्याचं मला दुःख नाही. मुलीचा डोळा जाईल यापेक्षा फोटो बिघडेल याची काळजी मोठी, याचा संताप अजून आहे.

त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. मी देवळात विचारलं. गुरुजींना त्या माहीत नव्हत्या. घरचे म्हणतात, देवानेच पाठवलं. यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या संध्याकाळी मी सईच्या परीक्षेसाठी हात जोडले होते. तिच्या डोळ्यासाठी मी काही मागितलंच नव्हतं. मागण्याइतकंही मला कळलेलं नव्हतं. तेव्हापासून मी देवापुढे उभा राहतो, पण मागण्यांची जंत्री वाचत नाही. काय हवं ते त्याच्यावर सोपवतो.

काल डावा डोळा पट्टीने झाकलेला असताना सई माझ्या मांडीवर बसली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "बाबा, तुझ्या भुवईत एक पांढरा केस आहे." मी आरशात पाहिलं. होता.